घारापुरीला मुक्कामी लाँच द्या

मा. मंत्री,
मत्स्यव्यवसाय व बंदरे,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय मंत्रिमहोदय,



विषय थेट सांगतो. घारापुरी (एलिफंटा) बेटावर रात्री मुक्कामाला थांबणारी आणि पहाटे माणसे घेऊन निघणारी एक सरकारी लाँच सुरू करावी, एवढीच मागणी या पत्रात आहे. पुढचे सगळे तिच्या समर्थनार्थ.

पत्रावरचा पत्ता पाहून आपल्या कार्यालयातली मंडळी चक्रावतील. नेर, जिल्हा यवतमाळ. आमच्याकडे जेट्टी नाही, बंदर नाही. पाण्याची चर्चा होते ती उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड येणार याची. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. रेल्वे गाठायची तर बडनेरा नाहीतर धामणगाव, आणि समुद्र इथून सातशे किलोमीटरच्या आसपास. अशा गावच्या निवृत्त मास्तराने बंदर खात्याला पत्र लिहावे, याचे कारण शाळेच्या सहली. नोकरीत असेपर्यंत मुलांना एसटीने मुंबई दाखवायला नेत आलो. विदर्भातल्या पोरांच्या मुंबईत गेटवे आणि एलिफंटाची लाँच नसेल तर घरी जाऊन सांगायचे काय? कपाशीच्या पट्ट्यातले लेकरू खारे पाणी आयुष्यात पहिल्यांदा हाताला लावते ते त्या लाँचच्या कठड्यावरून वाकून, मागून मास्तर ओरडत असताना. म्हणजे ज्या पर्यटकांसाठी आपले खाते जेट्ट्या बांधते, त्यांतलाच मी एक. पर्यटक म्हणूनच सांगतो: आमची सोय बरीच झाली. आता तिथे राहणाऱ्यांची बघा.

आधी मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगतो, कारण मुंबईत राहून ती बघायला मिळत नाही. संध्याकाळी तालुक्याच्या स्टँडवरून शेवटची एसटी निघते ती फाट्यावरून आत वळून एखाद्या आडगावी जाते आणि तिथेच रात्रभर थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नाहीतर देवळात पथारी टाकतात. भाकरी गावातून येते. सकाळी सहाला तीच गाडी परत निघते. तिच्यात कॉलेजची पोरे असतात, दुधाच्या किटल्या असतात, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावायला निघालेली म्हातारी असते, तहसीलच्या तारखेला निघालेला शेतकरी असतो. एसटीच्या हिशेबात ही गाडी क्वचितच फायद्याची. पण गावाच्या हिशेबात तिच्यावर लग्ने ठरतात. मुक्कामी गाडी आहे का, असे मुलीचा बाप विचारतो. 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून या राज्याने एक गोष्ट मान्य केली: रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला गाडी मिळणे हा धंदा नाही, त्याचा हक्क आहे.

हे तत्त्व गेटवेच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबते. गेटवेवरून घारापुरी दहा-अकरा किलोमीटर, लाँचने तासाभराची वाट. आमच्या नेरहून यवतमाळ यापेक्षा बरेच लांब, पण रात्री दहा वाजता यवतमाळला जायचेच झाले तर काही ना काही मिळते. घारापुरीची पहिली लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुटते, दुपारी दोननंतर पर्यटकांचे तिकडे जाणे बंद होते, आणि परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास बेट सोडते. सोमवारी लेणी बंद. हे वेळापत्रक कुणाचे आहे ते उघड आहे. ते आमचे आहे, पर्यटकाचे. नऊला निघून, त्रिमूर्तीपुढे फोटो काढून, माकडांपासून डबे वाचवून, मक्याचे कणीस खाऊन संध्याकाळी गेटवेवर परतणाऱ्या माणसाचे. बेटावरच्या बाराशेच्या आसपास वस्तीचा दिवस मात्र उलट्या दिशेने चालतो. त्यांना सकाळी बेटावरून निघायचे असते आणि रात्री परतायचे असते.

शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावे त्या बेटावर आहेत, एक ग्रामपंचायत आहे, तालुका उरण, जिल्हा रायगड. (मोराबंदर बेटावरचे आणि मोरा बंदर उरणचे, नवख्या माणसाचा घोळ होतो, कार्यालयातल्या टिपणीत होऊ देऊ नये.) आम्ही सहलवाले या गावांपैकी शेतबंदर ओलांडतो तेवढेच. जेट्टीवर उतरायचे, छोट्या गाडीत बसायचे, पुढे शंभर-सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या, माळा आणि दगडी हत्तींची दुकाने. दुकानामागे घर असते, घरामागे वाट असते आणि वाटेच्या शेवटी शाळा, विहीर, देऊळ असते, हे ध्यानात यायला तिथल्या माणसाशी बोलावे लागते.

एका सहलीत आम्ही सकाळच्या पहिल्या लाँचला होतो. मुले वरच्या मजल्यावर पळाली. खाली, इंजिनाच्या खोलीजवळ, पावाचे ट्रे, अंड्यांचे क्रेट, बिसलेरीची खोकी आणि भाजीची पोती रचलेली होती. त्या सामानाला टेकून एक बाई बसली होती. मांडीवर दवाखान्याची फाईल, शेजारी म्हातारा नवरा, त्याच्या मनगटावर सलाइनची पट्टी अजून चिकटलेली. आदल्या दिवशी संध्याकाळी सातला दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती. सात म्हणजे घरी जायची लाँच गेलेली. रात्र नातेवाइकाकडे काढली, एका खोलीत, सात माणसांत. ती तक्रार करत नव्हती, नुसती हकिगत सांगत होती. डॉक्टरांना चारच्या आत सोडा म्हणून सांगितले होते, पण बिलाच्या कागदाला उशीर झाला, एवढेच तिचे म्हणणे. मंत्रिमहोदय, मुंबईच्या दवाखान्यातून चारच्या आत सुट्टी मागणारी माणसे मुंबईच्या डोळ्यांसमोर राहतात. बेटाच्या जेट्टीवर उभे राहिले की मुंबईचे दिवे दिसतात.

बिलाच्या कागदामुळे एक रात्र गेली तर निभते. बाळंतपण निघाले, साप चावला, छातीत दुखले, तर होडीवाल्याचे दार ठोठवायचे, भरती आहे की ओहोटी ते बघायचे आणि निघायचे. पावसाळ्यात वादळाचा बावटा लागला की तेही नाही. त्यात तालुक्याला, उरणच्या बाजूला जावे म्हटले तर मोरा बंदरात गाळ साचतो. ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही म्हणून मोरा-भाऊचा धक्का वाहतूक बंद, ही बातमी वर्षातून इतक्यांदा छापून येते की वाचणारा पुढच्या पानावर जातो.

मुक्कामी लाँच होण्यासारखी नाही असे कुणी म्हणू नये, कारण याच बेटासाठी याच शासनाने एक अवघड गोष्ट करून दाखवली आहे. फेब्रुवारी 2018 पर्यंत घारापुरीत कायमची वीज नव्हती. जागतिक वारशाचा शिक्का 1987 सालचा, पण संध्याकाळी जनरेटरचा तीनेक तास उजेड आणि मग अंधार. शेवटी समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकली, पंचवीस कोटींच्या आसपास खर्च आला आणि तीन गावांत मीटर बसले. तेव्हा कुणी विचारले नाही की एवढ्याशा घरांच्या वीजबिलातून पंचवीस कोटी कधी वसूल होणार. विचारणे शोभलेही नसते. मग लाँचच्या बाबतीतच प्रवासी किती आणि भाडे किती हा प्रश्न आधी का येतो?

लाँचवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या लाँच तिकिटावर चालतात, डिझेल उधारीत मिळत नाही, खलाशांचे पगार द्यायचे असतात. रिकामी लाँच रात्री बेटावर नेऊन ठेवा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? ते काम सरकारचे. आणि पर्यटकाच्या खिशावर गावाची वाहतूक सोपवली की काय होते, ते मार्च 2020 मध्ये दिसलेच. टाळेबंदी लागली, पर्यटक थांबले, तशा लाँचही थांबल्या. बेटाची कमाई आणि बेटाची वाट एकाच दिवशी बंद झाली.

आम्हा यवतमाळकरांना या गोष्टीचा जुना अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर अडीच फुटी रूळ पडले ते कापूस न्यायला. मँचेस्टरचे इंजिन, इंग्रजांची खासगी कंपनी. दारव्हा, कारंजा करत शकुंतला नावाची ती गाडी निघायची, आणि कापसाच्या गाठींसोबत आमची माणसेही बसायची, कारण दुसरे काही नव्हते. कापूस ट्रकवर गेला तशी गाडीची कदर गेली. आधी फेऱ्या कमी झाल्या, मग गाडीच थांबली. तिच्यात बसणाऱ्या गरीब माणसाचा प्रवास तोवर संपलेला नव्हता. पण ती गाडी त्याच्यासाठी आणलीच नव्हती. नव्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला, त्याबद्दल आनंदच आहे. तरी शकुंतलेचा धडा आम्ही विसरलेलो नाही: ज्याच्यासाठी वाहन आणले, त्याची गरज संपली की वाहन जाते.

म्हणून घारापुरीच्या विकासाच्या घोषणा ऐकल्या की मी आधी विचारतो, हे कुणासाठी? शिवडीहून समुद्रावरून आठ किलोमीटरचा रोपवे मुंबई बंदराने काही वर्षांपूर्वी जाहीर केला. सातशे कोटींचा आकडा होता. चौदा मिनिटांत बेट, अशी जाहिरात. तो रोपवे अजून झालेला नाही आणि खरे सांगायचे तर त्याची मला हळहळ नाही. पाळण्यातून पर्यटक चौदा मिनिटांत आला तरी रात्री अकराला प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला पाळणा उघडून देणार कोण? जानेवारी 2024 पासून जवळपास बावीस किलोमीटरचा अटल सेतू बेटाजवळून मोटारी नेतो. शेजारी नेहरू बंदरात 1989 पासून जगभरची कंटेनर जहाजे लागतात. इतकी वाहतूक ज्या माणसांच्या डोळ्यांसमोरून जाते, त्यांना संध्याकाळी सहानंतर घरी जायला वाहन नाही.

कुलाब्यातल्या रेडिओ क्लबजवळच्या नव्या प्रवासी जेट्टीबद्दल माझे मत वेगळे आहे. 229 कोटींचा तो प्रकल्प व्हावा. गेटवेच्या जुन्या पायऱ्यांवरून शाळेची मुले लाँचमध्ये चढवणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच कळते. लाँच एकीला एक लागून उभ्या. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, मधल्या फटीत पाणी उसळते आहे आणि खलाशी एकेका पोराला बगलेत धरून पलीकडे ठेवतो आहे. कुलाब्याचे रहिवासी या प्रकल्पाविरुद्ध न्यायालयात गेले, आणि जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम करू दिले ते काही अटींवर. प्रेक्षागृहासारखी जी जागा आखली होती ती प्रवाशांना थांबण्यासाठीच वापरायची, खानपान म्हणजे पाणी आणि पाकिटातले पदार्थ, एवढेच. न्यायालयाने जेट्टीला जेट्टी राहायला सांगितले, हे मला फार आवडले. आता त्या आराखड्यात आणखी एक गोष्ट घाला: बेटावरच्या माणसाचा वेगळा दरवाजा, जिथे त्याला भाजीचे पोते, गॅस सिलिंडर किंवा स्ट्रेचर घेऊन आमच्या सेल्फीच्या रांगेत उभे राहावे लागणार नाही.

गोव्याकडे बघा. दिवाडी आणि चोडण ही मांडवीतली बेटे. जुने गोवे आणि रायबंदरहून तिथे फेरीबोट जाते ती सरकारच्या नदी परिवहन खात्याची, आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. ती बोट दिवाडीच्या नोकरदारासाठी आणि चोडणच्या मासळीवालीसाठी आहे. पर्यटक त्याच बोटीत कोपऱ्यात उभा राहतो. चोडणचे पक्षी अभयारण्य बघायला, दिवाडीचा बोंदेराम उत्सव बघायला माणसे लोटतात, पण बोट त्यांच्यावर अवलंबून नाही. जुलै 2025 मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर मोटारीही नेणारी नवी रो-रो बोट आली. आपल्याकडेही भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो मार्च 2020 पासून आहे. अलिबागला बंगला असलेल्याची मोटार समुद्र ओलांडते. चांगले आहे. पण मोटार आधी आणि म्हातारा नंतर, हा क्रम मला पटत नाही.

दूरचे उदाहरण हवे असेल तर स्कॉटलंडने 2018 मध्ये बेटांसाठी कायदाच केला. सरकारी धोरणाचा बेटांवर वेगळा परिणाम होणार असेल तर तो आधी तपासून लेखी मांडायचा, असे त्यात आहे. आपल्याला वेगळा कायदा नको. घारापुरीची ग्रामसभा आहे. जेट्टी, रोपवे, वॉटर टॅक्सी, काहीही आणण्याआधी कागद तिच्यापुढे ठेवला आणि तिचे म्हणणे फायलीत लावले तरी पुष्कळ.

18 डिसेंबर 2024 चा उल्लेख टाळता येत नाही. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीत धडकली आणि पंधरा माणसे गेली. त्या बातमीनंतर आमच्या भागातल्या कित्येक शाळांत पालक विचारू लागले, सहलीत समुद्र आहे का? मास्तरांनी काय सांगावे? लाइफ जॅकेट सक्तीचे झाले, हे योग्यच. पण लाँचवर जॅकेट मिळते ते मोठ्या माणसाच्या मापाचे. पाचवीतल्या मुलाच्या अंगावर ते घातले की पट्टे आवळूनही खांद्यावरून सरकते आणि मूल पाण्यात पडले तर जॅकेट वर आणि मूल खाली. प्रत्येक लाँचवर लहान मापाची जॅकेटे असलीच पाहिजेत, असा आदेश आपण एका सहीत काढू शकता. आम्ही लाँचमध्ये तासभर बसतो. बेटावरची माणसे त्याच पाण्यातून जन्मभर जातात, आणि रात्री जातात तेव्हा अंगावर काय असते ते कुणी तपासत नाही.

हा प्रश्न घारापुरीपुरता राहणारही नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले. त्यांत सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी पाण्यातले. मालवणच्या सिंधुदुर्गावर आजही काही कुटुंबे राहतात. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात तेव्हा त्यांनी काय करायचे, हे आता ठरवले नाही तर तिथेही घारापुरीचेच वेळापत्रक येईल.

शेवटचा आक्षेप मला ऐकू येतो आहे: बाराशे माणसांसाठी इतका खर्च? आमच्या जिल्ह्याला हा आक्षेप परवडत नाही. जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला तेव्हा एका दिवसासाठी तेही बेटच झाले होते, आणि माणसे काढायला हेलिकॉप्टर मागवावे लागले. डोकी मोजून कुणी थांबले नाही. एरवीही पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आमच्या कितीतरी गावांचा तालुक्याशी संबंध तुटतो. फरक इतकाच की आमचा पूर दोन दिवसांत उतरतो.

मागणी पुन्हा नेमकी सांगतो. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या खर्चाने एक लाँच. रात्री नऊच्या सुमारास मुंबईहून निघून शेतबंदरला मुक्काम, सकाळी सहाला परत. सोमवारीही, आणि बावटा नसेल तेव्हा पावसाळ्यातही. एसटीत 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. त्या सवलती या लाँचला लावाव्यात. लाँचवर स्ट्रेचर आणि प्राणवायूचा सिलिंडर ठेवावा, म्हणजे मधल्या रात्री गरज पडली तर तीच रुग्णवाहिका होईल. तांडेल आणि खलाशी बेटावरचेच घ्यावेत; मुक्कामाचा प्रश्नही सुटेल आणि दोन-चार घरांना पगारही लागेल. मोऱ्याचा गाळ एकदाच नव्हे, दर वर्षी काढावा.

येत्या अर्थसंकल्पात आपल्या विभागाच्या मागण्यांत या लाँचसाठी स्वतंत्र तरतूद दिसावी, ही विनंती. आणि ती सुरू झाली की तिचे वेळापत्रक गेटवेवर लावण्याआधी शेतबंदरच्या जेट्टीवर लावावे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिक्षक
नेर परसोपंत, जि. यवतमाळ